पक्ष्यांची पीकपाहणी

(नाशिकमधली एक जुनी कॉलनी. फेब्रुवारीतला रविवार, सकाळचे सात. दोन बंगले आणि मध्ये छातीइतकी भिंत. अलीकडे निवृत्त मास्तर : गळ्यात दुर्बीण, मांडीवर वही, अंगात उलटा घातलेला स्वेटर. पलीकडे निवृत्त तलाठी : एका हातात चहा, दुसऱ्या हातात बिस्किट, डोळ्यांत संशय. संशय नोकरीतला आहे. निवृत्त होताना दप्तर जमा करावं लागतं, संशय कुणी मागून घेत नाही.)

तलाठी : सर, अर्धा तास झाला, तुम्ही माझ्या शेवग्याला दुर्बीण लावून बसलाय. शेंगा मोजताय का?

मास्तर : श्श! हळू बोला, भाऊसाहेब. पक्षी मोजतोय.

तलाठी : माझ्या शेवग्यावरचे?

मास्तर : फांदी माझ्या अंगणात आलीय.

तलाठी : बुंधा माझ्या हद्दीत आहे.

मास्तर : पावसाळ्यात या फांदीवरचे सुरवंट माझ्या बनियनवर पडतात, तेव्हा नाही तुम्ही हद्द काढत!

तलाठी : सुरवंटांची नोंद तुम्ही तुमच्या नावावर लावून घ्या, मी हरकत घेणार नाही. पाखरांचं बोला.

मास्तर : यात मालकी बघतच नाहीत. मोजणारा बसलाय कुठे, ते बघतात. मी माझ्या खुर्चीत बसून तुमच्या झाडावरचा पक्षी पाहिला, तर तो माझ्या परसाच्या यादीत जातो.

तलाठी : अस्सं. म्हणजे नमुना सात नाहीच. नुसता बारा.

मास्तर : काय?

तलाठी : सातबारा म्हणतो ना आपण, त्यातला सात म्हणजे जमीन कुणाची. बारा म्हणजे तिच्यात उभं काय आहे. तुमची ही पीकपाहणी चाललीय. कुणी लावलीय कामाला?

मास्तर : कुणी नाही. जगभर चालते. ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट. 1998 साली अमेरिकेत सुरू झाला, आपल्याकडे 2013 पासून आहे. फेब्रुवारीत चार दिवस. आपापल्या परसात कमीत कमी पंधरा मिनिटं बसायचं, काय दिसलं, किती दिसलं ते लिहायचं आणि ई-बर्ड ॲपवर टाकायचं.

तलाठी : तुमच्यातही ‘ई’ शिरला का? पीकपाहणीलाही 2021 मध्ये ‘ई’ लागला. आता शेतकरी स्वतःच बांधावर उभा राहून मोबाइलवर फोटो काढतो. पण पंधरा मिनिटं म्हणजे फारच घाई झाली, सर. आम्ही फेरफारावर हरकत घ्यायला पंधरा दिवस देतो.

मास्तर : हरकत इथेही असते. इथे दिसू नये असा पक्षी लिहिला की ॲप विचारतं, नक्की का? आणि मग त्या भागातला कुणीतरी जाणकार कळवतो : वर्णन द्या, फोटो द्या.

तलाठी : म्हणजे सर्कल. नोंद मंजूर करणारा. पगार किती त्याला?

मास्तर : काही नाही. हौसेने करतो.

तलाठी : (चहाचा कप भिंतीवर ठेवत) बिनपगारी सर्कल! फार कडक असणार हो. वाचा बघू तुमचा उतारा.

मास्तर : (वही वर धरून) लालबुड्या बुलबुल, 2. दयाळ, नर, 1. शिंपी, 1. चष्मेवाला, 5. जांभळा सूर्यपक्षी, नर 1, मादी 1...

तलाठी : थांबा. तो सूर्यपक्षी माझ्या ओळखीचा आहे. गेल्या वर्षी मादीने आमच्या कपड्यांच्या दोरीला घरटं टांगलं. कोळ्याची जाळी, सालपटं, कापूस, वरून बंबातल्या कोळशाच्या भुग्यासारखं काहीतरी चिकटवलेलं. दारावर चक्क पोर्च काढलाय! बिनपरवाना बांधकाम, तेही पुढे वाढवून. दीड महिना आमची धुणी गच्चीवर.

मास्तर : मग ते कुठे लिहून ठेवलंत का? घरटं कधी सुरू केलं, पिल्लं कधी उडाली?

तलाठी : मी कशाला लिहू? बायकोने कॅलेंडरवर लिहिलंय. दुधाच्या हिशेबाखाली.

मास्तर : (उठून) कुठल्या तारखा? ते कॅलेंडर मला द्या!

तलाठी : नक्कल मिळेल. रीतसर अर्ज करा. पुढे वाचा.

मास्तर : सातभाई, 7.

तलाठी : मोजले?

मास्तर : ते काय एका जागी बसतात! पाचोळा उडवत, कलकलाट करत कुंपणातून निघून गेले.

तलाठी : मग सात कुठून आले?

मास्तर : सातभाई म्हणजे... साधारण...

तलाठी : नावावरून आकडा? सर, ही नजर पैसेवारी झाली! उद्या चिंचेखाली कुणी शतपावली करताना दिसलं तर शंभर लिहाल. ते माझ्याकडेच आलेत आता, नळाखाली. (वाकून बघत) एक, दोन... तो चिकूमागचा धरून नऊ. सहासुद्धा असतात कधी. सामाईक खातं आहे ते, त्यांच्यात माणसं कमीजास्त होतात.

मास्तर : (खोडत) नऊ.

तलाठी : खोडू नका! आडवी रेघ मारा, वरती लिहा, शेजारी सही करा.

(इथे एक कबूल करायला हवं. मास्तरांनी छत्तीस वर्षं मुलांना शास्त्र शिकवलं, पण निरीक्षण म्हणजे काय, हे त्यांना आज भिंतीपलीकडून कळत होतं आणि त्यांचे कान लाल झाले होते.)

मास्तर : पुढे तांबट, 1. ऐकला.

तलाठी : ऐकीव माहिती चालते?

मास्तर : खुद्द पक्ष्याच्या तोंडून ऐकलेली चालते. हा पाहा, टुक, टुक, टुक... चोच मिटलेली ठेवतो आणि गळा फुगवून आवाज काढतो.

तलाठी : चोच मिटून सकाळपासून तासभर एकच मुद्दा! आमच्या जुन्या नाशकात भांडी ठोकणारे तांबट तरी मध्ये विडी ओढायला थांबायचे. घ्या, मंजूर. मग?

मास्तर : भारद्वाज, 1. सकाळी सकाळी दर्शन, फार शुभ.

तलाठी : कुणाला शुभ? गोगलगायी खातो तो, आणि सापडली तर घरट्यातली पिल्लंही उचलतो. बुलबुलाच्या बायकोला विचारा शुभ का ते.

मास्तर : कोकीळ, मादी, 1. अंगभर पांढरे ठिपके. आणि लोकांना वाटतं गाणारी ती! गातो तो नर, काळा कुळकुळीत, लाल डोळ्यांचा. ही फक्त अंडी कावळ्याच्या घरट्यात घालून मोकळी होते.

तलाठी : बोगस वारसनोंद. आणि कावळा बिचारा नोंद प्रमाणित करून वर भरवत बसतो. अशी प्रकरणं मी पाहिलीत, सर. माणसांत. बरं, कावळा निघालाच आहे तर, कावळे किती लिहिलेत?

मास्तर : कावळे?

तलाठी : कावळे.

मास्तर : भाऊसाहेब, कावळा काय लिहायचा! तो असतोच की.

तलाठी : असतोच म्हणून लिहायचा नाही? मग उसाच्या पट्ट्यात ऊस लिहायला नको, कोकणात भात लिहायला नको. उद्या कुणी तुमचा उतारा पाहिला तर म्हणेल, या गावात कावळा नव्हता.

मास्तर : अहो, पण यादीला जरा...

तलाठी : वडिलांच्या दहाव्याला रामकुंडावर पाऊण तास बसवून ठेवलं होतं मला कावळ्याने. सगळे भाऊबंद हात जोडून उभे, जुनी भांडणं मिटवायच्या शपथा चाललेल्या. मेल्यावर ज्याची वाट बघायची, त्याला जिवंतपणी यादीत घ्यायचं नाही? आणि लिहिताना नुसता कावळा लिहू नका. करड्या मानेचा आपला साधा कावळा वेगळा, आणि तो सगळा काळा, जाड चोचीचा, तो डोमकावळा वेगळा.

मास्तर : (चकित) हे तुम्हाला कसं ठाऊक?

तलाठी : पाऊण तास काय करत होतो मी तिथे?

मास्तर : सलीम अलींनीही दोन वेगळे दिलेत. 1941 पासून लोक त्यांच्या पुस्तकावरून पक्षी ओळखतात.

तलाठी : म्हणजे एवढ्या मोठ्या माणसाने कावळा घेतला पुस्तकात. चित्रासकट?

मास्तर : चित्रासकट.

तलाठी : आणि तुमच्या वहीत त्याला जागा नाही.

मास्तर : (चिडून) गंगापूर रोडच्या त्या प्राध्यापकाची गेल्या वर्षी एकतीस जातींची यादी होती! माझी एकोणीस. लोक काय म्हणतात ठाऊक आहे? मास्तरांकडे काय, कावळे आणि साळुंक्या. मला पण एखादा दाखवण्याजोगा पक्षी नको? आणि आज मिळालाय. (वहीचं पान उलटून, आवाज खाली आणत) स्वर्गीय नर्तक. नर. पांढराशुभ्र, लांबलचक शेपटी.

तलाठी : कुठे?

मास्तर : तुमच्या शेवग्यावर. शेंड्याला. शेपटीची फीत अशी... लहरत होती.

तलाठी : डोकं काळं होतं? तुरा?

मास्तर : पानांत होतं डोकं.

तलाठी : म्हणजे डोकं पाहिलं नाही.

मास्तर : शेपटी पाहिली ना!

तलाठी : शेपटीवरून सातबारा?

मास्तर : भाऊसाहेब, एक ओळ आहे हो! कुणाचं काय जातंय?

(तलाठी गप्प. बिस्किट चहात बुडवायला नेतात, न बुडवताच भिंतीवर ठेवतात.)

तलाठी : एक गोष्ट सांगतो. गावाचं नाव नाही सांगत. नोकरीची पहिली काही वर्षं मी पीकपाहणी बांधावर जाऊन करत नव्हतो. चावडीत बसून मागच्या वर्षीचं पुढे लिहायचो. एका गटात हरभरा होता, मी हरभरा लिहीत राहिलो. मधल्या काळात त्या म्हाताऱ्याने तिथे द्राक्षबाग उभी केलेली. एका फेब्रुवारीत गारपीट झाली. बाग झोपली. कागदावर हरभरा. त्याला मदत मिळाली ती हरभऱ्याची.

मास्तर : मग? भांडला असेल.

तलाठी : भांडला असता तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी गारांनी फुटलेल्या द्राक्षांची पाटी आणून माझ्या टेबलावर ठेवली. म्हणाला, “भाऊसाहेब, हा तुमचा हरभरा.” आणि गेला. त्यानंतर मी गाडी पंक्चर असली तर पायी गेलो, पण बांधावर गेलो.

(मास्तर दुर्बिणीच्या पट्ट्याशी चाळा करतात. शेवग्याच्या फुलांवर सूर्यपक्षी पुन्हा आलेला आहे. तो कुणालाच नवीन नाही.)

मास्तर : स्थळपाहणी करायची म्हणता?

तलाठी : करायची. मी पंच नंबर एक, तुम्ही पंच नंबर दोन. आकडी आणतो.

(दोघे आपापल्या बाजूने शेवग्याखाली येतात. तलाठी शेंगा काढायची आकडी वर नेतात. वाऱ्याची झुळूक येते. शेंड्याला पांढरी फीत डौलात लहरते.)

मास्तर : तो बघा! तो बघा, हलला!

तलाठी : वारा आहे, सर. (आकडीने ओढत) संक्रांतीपासून अडकलाय हा नर्तक. मागे काडी आहे, पुढे कागद आहे... आणि मांजा आहे. नायलॉनचा. बंदी असलेला. तुमचा दयाळ किंवा माझा सूर्यपक्षी यात अडकला असता, तर तुम्ही काय लिहिलं असतं?

(पतंगाचं शेपूट खाली येतं. तलाठी मांजा बोटांभोवती न गुंडाळता काठीला गुंडाळतात. मास्तर वही उघडतात. ‘स्वर्गीय नर्तक’वर आडवी रेघ. शेजारी सही. त्याखाली, न सांगता, तारीख.)

मास्तर : झालं. पाठवतो आता. (मोबाइलवर बोट फिरवत) लालबुड्या बुलबुल 2... सातभाई 9... तांबट 1... आणि आता ते विचारतंय : ओळखू आलेले सगळे पक्षी तुम्ही या यादीत दिलेत का? हो की नाही?

तलाठी : प्रतिज्ञापत्र आहे ते. बघून करा सही.

मास्तर : (बोट थांबवून) ‘नाही’ म्हटलं तरी घेतात.

तलाठी : घेतात, पण तेवढा उपयोग होत नसणार. सगळं लिहिलेल्या उताऱ्यावरूनच कळतं, काय वाढलं आणि काय गेलं. चिमणी असतेच म्हणून जर कुणी लिहिली नसती, तर ती कमी झाली की नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं असतं?

(मास्तर मान वर करतात. तारेवर, टाकीवर, शेवग्यावर, भिंतीवर नजर फिरवतात. पंधरा मिनिटांचं काम आहे, त्यातली निम्मी त्यांनी आज पहिल्यांदाच वर बघण्यात घालवली.)

मास्तर : तारेवर चार. टाकीवर दोन. नारळावर... तीन, त्यातला एक डोमकावळा. तो उडाला तो आधीच्याच चारांपैकी ना?

तलाठी : तोच. दुबार धरू नका.

मास्तर : मग साधे आठ, डोम एक. लिहिले. सगळे पक्षी दिलेत का? (बोट टेकत) हो.

तलाठी : थांबा, थांबा! भिंतीवर कोण आलंय बघा.

मास्तर : अरे! हा यातला नाही. करड्या मानेचा. साधे नऊ.

तलाठी : शेऱ्याचा रकाना आहे का त्यात?

मास्तर : आहे.

तलाठी : मग लिहा. कावळे 9, पैकी एक माझ्या बिस्किटासह.