ओसीआधीच ताबा

खारघर, कामोठे, करंजाडे, कुठलाही नवा टॉवर घ्या. पहिला ताबा कोणाला मिळतो? बुकिंग करणाऱ्याला म्हणाल, तर भाबडे आहात. तो अजून भाडं आणि हप्ता दोन्ही भरतोय. पहिला ताबा अ‍ॅनोफिलीसच्या मादीला. तिला ना ओसी लागते, ना महारेराचा नंबर. लिफ्टच्या खड्ड्यात तुंबलेलं, गच्चीवरच्या उघड्या टाकीत साठलेलं पाणी दिसलं की बाईसाहेबांचा गृहप्रवेश! तेही स्वच्छ पाणी हवं. शहरी मलेरिया पसरवणारी ही स्टेफेन्सी जात गटाराकडे सहसा ढुंकूनही बघत नाही. अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. बिल्डरचं ‘दिवाळीला नक्की’ तीन दिवाळ्या चालतं.

मग हुडहुडी भरून ताप येतो. आधी साइटवरच्या पत्र्याच्या खोल्यांत. तिथे खाडा पडला की मजुरी गेली, म्हणून पॅरासिटॅमॉल गिळून माणूस पुन्हा घमेलं उचलतो. पुढे ताप शेजारच्या सोसायटीत शिरतो आणि तातडीची सभा बसते. एकमत होतं, ‘हे बाहेरचे मजूर ताप आणतात.’ रोनाल्ड रॉसने 20 ऑगस्ट 1897 रोजी सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू पाहिला. आमच्या सेक्रेटरींपर्यंत ती बातमी पोचायची आहे.

व्हायवॅक्स मलेरिया निघाला की डॉक्टर 14 दिवसांच्या गोळ्या लिहून देतात. तिसऱ्या दिवशी ताप उतरतो, पाकीट फ्रिजवर चढतं. जंतू यकृतात दडी मारून बसतो आणि गणपतीतला ताप शिमग्याला पुन्हा हजर. मग डॉक्टरच बदलायचा, अर्थात.

सभेत पहिला ठराव धूर फवारणीचा. ती सिडकोने करायची की पनवेल महापालिकेने, यावर पाऊण तास. महापालिका 2016 साली झाली, वाद अजून ताजा. धुराची शान वेगळीच: पोरं मागे धावतात, भावी नगरसेवक गाडीपुढे फोटो काढतात. उडते डास थोडेफार मरतात, टाकीतल्या अळ्यांना ठसकाही लागत नाही.

टाकीच्या झाकणासाठी तीन कोटेशनं हवीत, सबब विषय पुढच्या वार्षिक सभेपर्यंत तहकूब. गेटवर पाटी मात्र त्याच रात्री लागली: ‘सायंकाळी सातनंतर मजुरांना प्रवेश बंद.’