तालुका प्रतिनिधी

भंडारा जिल्ह्यात सात तालुके आहेत आणि दर तालुक्यात हा माणूस एक तरी आहेच. मोटारसायकलवर नंबरापेक्षा ‘प्रेस’ मोठं. खिशाला दोन पेनं, त्यातलं एक चालतं. कार्डावर ‘मुक्त पत्रकार’. घरी दीड एकर धान, ते बायको पाहते. पेपरवाले त्याला पगार देत नाहीत. 26 जानेवारी, 15 ऑगस्ट आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस देतात. शुभेच्छांच्या जाहिराती आणायच्या, त्यावर कमिशन घ्यायचं आणि उरलेलं वर्ष बातम्या फुकट पुरवायच्या, असा व्यवहार.

2020 च्या एप्रिलमध्ये हा गृहस्थ हिरमुसला होता. नागपूरचे कोरोनाचे आकडे रोज फुगताहेत आणि आपल्याकडे शून्य! 27 तारखेला जिल्ह्यात पहिला रुग्ण सापडला आणि याचा मला फोन आला, “निघाला जी, निघाला!” घरी पाळणा हलल्यासारखा आवाज. मग स्वतःच चपापला. “म्हणजे वाईटच झालं ना जी.”

संध्याकाळी प्रेसनोट यायची. घरी बसून तेवढी पाठवली असती तरी चाललं असतं. पण हा ऐन मे महिन्यात, विदर्भाच्या उन्हात, रेनकोट घालून आणि तोंडाला दुपट्टा बांधून हायवेवर उभा! छत्तीसगडकडे पायी निघालेल्या एका मजुरानं पाणी मागितलं. यानं आपली बाटली दिली. तो पिऊन झाल्यावर बाटली पुन्हा तोंडाला लावायला सांगितली, कारण फोटो राहिला होता.

सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही सरकारी तपासणी मोहीम सुरू झाली आणि हा आशाताईच्या मागे घरोघर फिरू लागला. तिच्या हातात ऑक्सिमीटर, याच्या हातात मोबाइल. ती विचारायची, “ताप आहे का जी?” घरात दोघं पांघरूण घेऊन पडलेली असली तरी उत्तर ठरलेलं, “नाही ना बाई.” ताप कबूल केला की विलगीकरणात जावं लागणार, अन् धान कोण राखणार? ती पुढच्या घरी गेली की तेच लोक याला हळूच सांगत, “आहे थोडासा. तिले सांगू नका.” हा पेचात पडला. सांगावं तर माणसं तुटतात, न सांगावं तर माणसं जातात. शेवटी आशाताईला नावं सांगितली आणि पेपरात नावं गाळून बातमी दिली. गावानं बरोबर ओळखलं. तीन आठवडे त्याला कुणी चहा विचारला नाही. माझ्या मते त्याची सगळ्या साथीतली खरी कामगिरी हीच, पण ती सांगायला तो लाजतो. सांगतो काय, तर ऑगस्टातला वैनगंगेचा पूर. शाळेत दाटीवाटीनं बसलेल्या पूरग्रस्तांवर ‘सुरक्षित अंतराचा फज्जा’ हा मथळा त्यानंच दिला होता म्हणे.

विशेषणांचा त्याला भारी सोस. ताप ‘थैमान’ घालतो, खोकला ‘खळबळजनक’ असतो. पण 9 जानेवारी 2021 च्या पहाटे जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली, दहा बाळं गेली. मुंबई-दिल्लीच्या कॅमेऱ्यांना वाट यानंच दाखवली. रात्री त्यानं पाठवलेली बातमी मी वाचली. सात ओळी होत्या. एकही विशेषण नव्हतं.

6 ऑगस्ट 2021 ला शेवटचा रुग्ण घरी गेला आणि भंडारा राज्यातला पहिला कोरोनामुक्त जिल्हा ठरला. यानं रात्री जागून बातमी लिहिली. मधल्या काळात 1,100 हून जास्त माणसं गेली, हे शेवटच्या परिच्छेदात होतं. जागेअभावी शेवटचा परिच्छेद कापला गेला.

15 ऑगस्टला नऊ दिवस उरले होते. तो पावतीपुस्तक घेऊन राइस मिलवाल्यांकडे निघाला.