काकाजींचं बोलणं

उन्हाळ्यात ब्रह्मपुरीचा पारा 45 च्या पुढे जातो, पण काकाजींना 'पाणी द्या' म्हणताना कोणी ऐकलेलं नाही. ते लोकांच्या ओसरीवर टेकतात, कपाळ पुसतात आणि म्हणतात, "तुमच्या विहिरीले पानी असनच अजून." जो पेला भरून आणतो तो समंजस. जो विहिरीची खोली सांगत बसतो, तो काकाजींच्या लेखी शिकून वाया गेलेला.

उसने पैसे परत हवे असले की ते धानाची चौकशी करतात. "यंदा एचएमटी चांगला झाला म्हनतेत तुमचा." समोरचाही ब्रह्मपुरीचाच. तो म्हणतो, "कायचा काकाजी! तुडतुड्यानं खाल्ला." मग काकाजी तुडतुड्याला चार शिव्या देऊन घरी येतात. त्या कोणाला होत्या, हे दोघांनाही पक्कं ठाऊक असतं.

दिवाळीनंतर मंडया सुरू होतात, वैनगंगेपलीकडे वडशात झाडीपट्टीच्या नाटकांच्या तारखा ठरू लागतात. तेव्हा काकाजी पुतण्याच्या मोटारसायकलचं चाक अंगठ्यानं दाबून पाहतात. पुतण्या रात्रभराच्या हिशेबानं शाल घेऊनच बाहेर येतो.

26 ऑगस्ट 1982 ला चंद्रपुरातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. ब्रह्मपुरी जिल्ह्याची मागणी मात्र मागणीच राहिली. काकाजी मोर्चात घोषणा देत नाहीत. तहसीलदारांच्या खुर्चीकडे पाहून एवढंच म्हणतात, "कलेक्टर बसला तं दाटन जराशी."

पुतण्यासाठी मुलगी पाहायला गेले, तिथे नकार द्यायचा होता. "तुमच्या गावचा रस्ता मस्त हाये, वापस जाले तरास नाही," असं बोलून उठले. मुलीच्या बापाला त्यात होकार ऐकू आला, त्यानं मांडववाल्याला सांगूनही टाकलं. आज त्या घरात सरळ बोलणारी सूनबाई एकटीच, आणि सगळे तिला वचकून असतात.

गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी काकाजी बांधीवरून धापा टाकत पानठेल्यावर आले आणि म्हणाले, "वाघ आला!"

ठेल्यावर सगळे गंभीर झाले. निवडणूक तोंडावर होती. एकाच्या मते रोख माजी सरपंचावर होता. दुसऱ्याला काकाजींचा जावई आठवला.

"अरे पट्ट्याचा वाघ, बापा! चार पायाचा!"

"चार पाय," मास्तरांनी चुना मळत अर्थ लावला, "म्हणजे दोन पक्षांत उभा आहे."

वनखात्याला फोन शेवटी सूनबाईनं केला.