पालकाची सही

शेहेचाळिसाव्या वर्षी एलएलबीला नाव घातलं, तेव्हा कॉलेजने माझ्याकडे बरंच काही मागितलं. पदवीची मार्कशीट, सीईटीचा निकाल, सहा फोटो आणि मी कोणाचं रॅगिंग करणार नाही अशी हमी. यूजीसीच्या २००९च्या नियमांमुळे ही हमी दर वर्षी द्यावी लागते, आणि पालकांकडूनही घेतात. माझे आईवडील आता नाहीत, नवरा ऑफिसच्या कामाने नागपूरला. खिडकीतल्या गृहस्थांनी मान वर न करता सांगितलं, "घरातलं कोणीही मोठं चालेल." घरात मोठं माणूस एकच. वय वर्षं शहात्तर.

सासूबाईंनी चष्मा लावला. "रॅगिंग म्हणजे गं काय?"

"नवीन आलेल्याला जुन्यांनी छळायचं, आई."

"म्हणजे सासुरवास," त्या म्हणाल्या. "आमच्या वेळी त्याला हमीपत्र नव्हतं."

मग विजेच्या बिलाच्या पाठीवर तीनदा सही गिरवून पाहिली आणि चौथी कागदावर केली. 'शां'वरचा अनुस्वार सगळ्यात शेवटी, कुंकू टेकवावं तसा.

मुंबईत नोकरदारांसाठी सकाळचं कॉलेज ही जुनी सोय. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज काढलं, तेव्हाच नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी सकाळी वर्ग ठेवले होते. मी डोंबिवलीहून पहाटेची लोकल पकडते. सव्वासातच्या तासाला शेवटच्या बाकावर मी, एक हवालदार आणि एक विमा एजंट. आम्हा तिघांना जांभई एकदमच येते. पुढच्या बाकांवरची मुलं पहिल्या आठवड्यात मला 'मॅडम' म्हणत, दुसऱ्यात 'काकू', आणि माझ्या डब्यातली भरली वांगी खाल्ल्यापासून 'ताई'. वय इतक्या भराभर उतरताना मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही.

पहिल्या सेमिस्टरला १८७२चा करार कायदा होता. घरी एक करार आधीच झालेला. नवऱ्याने मोठ्या मनाने जाहीर केलं होतं, "तू शीक. रात्रीची भांडी माझी." तीन आठवडे त्याने ती घासलीही. चौथ्या आठवड्यात क्रिकेटच्या मॅचेस सुरू झाल्या, आणि नेमकं तेव्हाच सरांनी 'बाल्फोर विरुद्ध बाल्फोर' शिकवलं. सिलोनात नोकरीला असलेले बाल्फोरसाहेब आजारी बायकोला इंग्लंडात ठेवून कामावर परतले. जाताना दरमहा तीस पौंड द्यायचं कबूल केलं. पुढे दोघांचं बिनसलं, बाई कोर्टात गेल्या. १९१९ साली अपील कोर्टाने निकाल दिला, की नवराबायकोतली अशी घरगुती बोली म्हणजे करार नव्हे. त्यावर दावा चालत नाही. हे मी घरी मोठ्या हौसेने सांगितलं. हौस माझी, फायदा त्याचा. आता सिंकमध्ये करपलेली कढई दिसली, की तो नुसतं "बाल्फोर" म्हणतो.

मी कलम २५ काढलं. मोबदल्याशिवाय केलेला करार रद्दबातल. पण जवळच्या नात्यात, नैसर्गिक प्रेमापोटी केलेला असेल तर चालतो. फक्त तो लेखी हवा आणि नोंदलेला हवा. म्हणजे प्रेम हवंच, वर रजिस्ट्रारचा शिक्काही हवा! बंगालमधल्या एका नवऱ्याने बायकोला पोटगीचा असा नोंदलेला कागद करून दिला होता; पण त्या कागदातच दोघांच्या भांडणांचा उल्लेख होता. १९०० साली कलकत्त्याचं हायकोर्ट म्हणालं, एवढी भांडणं आहेत तर प्रेम कुठलं? कागद बाद. कढईवरून आमचं कडाक्याचं वाजलं, त्या रात्री नवऱ्याने न बोलता माझा पावणेपाचचा गजर लावून ठेवला होता. तो त्या कोर्टापुढे पुरावा म्हणून ठेवायला हवा होता.

करार कायद्याचा पेपर देऊन घरी आले, तेव्हा सासूबाई मेथी निवडत होत्या. "आता माझी एक केस बघ," म्हणाल्या. त्यांचं लग्न ठरताना सासऱ्यांनी कबूल केलं होतं, की मुलीला मॅट्रिकला बसवू. बसवलं नाही. "दावा लागेल?"

मी काळा कोट चढवल्याच्या थाटात सांगितलं, "मुदत उलटून गेली, आई. तीन वर्षांत कोर्टात जायला हवं होतं."

"तीन वर्षांत?" त्यांनी एक पिवळं पान बाजूला काढलं. "तीन वर्षांत मला दोन पोरं झाली."

मला पुढचं कलम आठवेना.

मेथी निवडून झाली. देठं कागदात गुंडाळता गुंडाळता त्यांनी विचारलं, "तो पालकाच्या सहीचा कागद दर वर्षी लागतो ना?"

"दर वर्षी."

"आण मग. या खेपेला गिरवावी लागणार नाही."