हमीचा ओलावा

‘हमी’ आली अरबी ‘हामी’वरून; अर्थ, पाठीराखा. अशा पाठीराख्याचे जाहीर अभिनंदन केले पाहिजे. 2025-26 साठी सोयाबीनला क्विंटलमागे 5,328 रुपये हमीभाव ठरला. अट किरकोळ: ओलावा 12 टक्क्यांच्या आत. रिसोडच्या शेतकऱ्याने पावसात सोंगणी केली, सुडी झाकली, मळणी करून पोती सरकारी खरेदी केंद्रावर आणली. यंत्रात मूठभर दाणे टाकले. आकडा आला 13. पाठीराखा नियमानुसार पाठमोरा झाला. बाजारातला व्यापारी मात्र मोठ्या मनाचा, ओला मालही घेतो. फक्त भाव त्याचा.

इतकी चोख पद्धत सोयाबीनपुरतीच का? आमदारांचा पगार जमा करण्याआधी त्यांच्या डोळ्यांतला ओलावा मोजावा. तिथे वाळवायची वेळ येणार नाही. यंत्र रिसोडहून पाठवू. भाडे शेतकऱ्याच्या पट्टीतून कापून घ्यावे.