‘पोरगा चांगला आहे’: पुरावा जोडा

चहाच्या साडेचारशे रुपयांच्या व्हाउचरवर सही नसेल तर सीएच्या ऑफिसातून लगेच क्वेरी निघते. खर्च कोणी मंजूर केला, पैसे रोख दिले की यूपीआयने, पावती कुठाय? त्याच ऑफिसात आर्टिकलची, म्हणजे शिकाऊ सीएची, दोन वर्षं संपतात, प्रशिक्षण पुरं झाल्याचा फॉर्म १०८ सरांसमोर येतो, आणि सही होते. पुरावा एकच, तोही तोंडी. ‘पोरगा चांगला आहे.’

चांगला म्हणजे नक्की काय? वेळेवर येतो, उलट बोलत नाही, क्लायंटकडून थकलेली फी आणतो आणि परीक्षेची रजा मागताना मान खाली घालतो. कामातलं काय येतं, असं विचारलं तर सर दोन केबिनपलीकडे हाक मारतात, ‘अरे, हा टीडीएस बघायचा ना?’ पलीकडून उत्तर येतं, ‘नाही सर, जीएसटी.’ मूल्यमापन संपलं.

आर्टिकलशिप आधी तीन वर्षांची होती. १ जुलै २०२३ पासून नव्या योजनेत ती दोन वर्षांची झाली. शिकायचा काळ तिसऱ्या हिश्शाने घटला, पण शिकवणाऱ्याची तयारी तितकी वाढवावी, हे काही कोणाला सुचलं नाही. कोणत्या प्रिन्सिपलने, म्हणजे शिकवणाऱ्या सीएने, किती आर्टिकल ठेवायचे, हे त्याच्या प्रॅक्टिसच्या वर्षांवर ठरतं. नव्याला एक, आणि सात वर्षं झाली की दहापर्यंत. म्हणजे शिकवण्याची पात्रता आपल्याकडे पिकलेल्या केसांबरोबर आपोआप येते. शिकणाऱ्याला मात्र आधी ओरिएंटेशन, संगणक, सॉफ्ट स्किल्स असं सगळं सक्तीचं. समोरच्याशी कसं बोलावं, हे एकोणीस वर्षांच्या मुलाला आठवडेच्या आठवडे बसवून शिकवायचं आणि मग त्याला अशा माणसाच्या हाताखाली द्यायचं, ज्याने ‘परत कर’ या दोन शब्दांवर वीस वर्षं निभावून नेलीत.

हे ‘परत कर’ जरा जवळून बघण्यासारखं आहे. सप्टेंबर, टॅक्स ऑडिटचा हंगाम. आर्टिकल बँक रिको घेऊन येतो. सिनियर तीस सेकंद बघतो, दोन ठिकाणी लाल गोल करतो, म्हणतो, ‘हे काय? परत कर.’ काय चुकलं ते सांगायला वेळ नाही. पोरगा परत करतो, परत चुकतो. रात्री अकरा वाजता सिनियर वैतागून स्वतःच ते नीट करतो. फाइल स्वच्छ. कनिष्ठांचं काम ज्येष्ठांनी तपासावं, असं ऑडिटचं मानक एसए २२० सांगतं, तर तेही पाळलं गेलं. पण तपासली गेली ती फाइल. मुलाला जुन्या न वटलेल्या चेकचं काय करायचं ते सप्टेंबरच्या आधी कळत नव्हतं आणि नंतरही कळत नाही. वर्क डायरीत मात्र त्या दिवशी ठसठशीत नोंद: ‘बँक रिकन्सिलिएशन केले.’ खाली सही.

या डायरीचं मला फार कौतुक आहे. आर्टिकलने स्वतःच्या कामाबद्दल स्वतःच दिलेलं ते लेखी निवेदन. क्लायंटच्या अशा नुसत्या लेखी निवेदनावर विसंबू नका, तो पुरेसा पुरावा नव्हे, असं एसए ५८० बजावतं. क्लायंटसाठी हो! घरच्या मुलाला कसलं एसए? शिवाय आर्टिकलला ‘कच्चा’ ठरवणं म्हणजे आपण कच्चं शिकवलं असं कबूल करणं. स्वतःच्याच कामाची तपासणी स्वतः करू नये, हे आचारसंहितेचं तत्त्व इथे केबिनबाहेर चपला काढून उभं असतं.

बरं, बाहेर काय आहे? इंग्लंडमधल्या आयसीएईडब्ल्यू या सीए संस्थेत ४५० दिवसांचा कामाचा अनुभव लागतो आणि दर सहा महिन्यांनी शिकाऊसोबत बसून आढावा घ्यावा लागतो. एसीसीए या दुसऱ्या लेखापाल संस्थेत ३६ महिने आणि वर ठरलेली उद्दिष्टं. प्रत्येक उद्दिष्ट पुरं झालं की नाही ते पर्यवेक्षकाने बघायचं. तिथेही डोळे मिटून टिक मारणारे असतीलच. पण किमान कशावर टिक मारायची ते तरी लिहिलेलं आहे. ज्या आयफॅकच्या, म्हणजे लेखापालांच्या जागतिक महासंघाच्या, शिक्षण-मानकांत हे पर्यवेक्षक आणि हे मूल्यमापन येतं, त्या आयफॅकच्या संस्थापक सभासदांत आपली इन्स्टिट्यूटही आहे, १९७७ पासून.

सरांना मूल्यमापन शिकवणं काही रॉकेट उडवण्याइतकं अवघड नाही. एकाच आर्टिकलचा एकच वर्किंग पेपर पाच प्रिन्सिपलांना द्या आणि एकमेकांना न विचारता शेरा लिहायला सांगा. एक लिहील ‘उत्तम’, दुसरा ‘घरी पाठवा’, तिसरा आधी विचारेल, ‘फर्म कोणती?’ मग पाचही जणांना एका टेबलाशी बसवून भांडू द्या. त्या भांडणातून निकष निघतात. मार्चमध्ये एकदा रिटर्न उशिरा भरलं म्हणून वर्षभर ‘बेजबाबदार’ म्हणू नये, अक्षर सुंदर आहे म्हणून समज पक्की मानू नये, हे तिथेच कळतं. आणि ‘परत कर’च्या जागी एक प्रश्न विचारायची सवय लावा: ‘हा आकडा तुला खरा का वाटला?’ उत्तर काय येतं, ते तारखेसह एका ओळीत टिपून ठेवा. व्हाउचर तयार.

वेळ कुठून आणायचा, हा पुढचा आक्षेप. प्रॅक्टिस करणाऱ्या सीएला तीन वर्षांत सीपीईचे, म्हणजे सततच्या व्यावसायिक शिक्षणाचे, १२० तास पुरे करावे लागतात. त्यातले बरेच तास जीएसटीच्या ताज्या परिपत्रकावर आणि दुपारच्या बुफेवर जातात. त्यातले सहा तास इकडे वळवले तर कर संकलनावर परिणाम होऊ नये. बुफे तसाच ठेवा.

शिवाय मूल्यमापन अगदीच होत नाही, असंही नाही. मुलांच्या टेलिग्राम गटांवर ते रोज चालतं. कोणत्या ऑफिसात ऑडिट खरं शिकवतात, कुठे नुसती डेटा एंट्री, स्टायपेंड वेळेवर मिळतो का, आठवड्याचे ३५ तास प्रत्यक्षात आहेत की फक्त कागदावर. निकष ठरलेले, स्क्रीनशॉट जोडलेले, सोडून गेलेल्या आर्टिकलकडून खातरजमाही केलेली. फक्त त्या पोरांना सीपीईचे तास मिळत नाहीत.