वाचनालयात पुस्तकंही आहेत

आमच्या गावच्या वाचनालयात पुस्तकंही आहेत, ही गोष्ट गावातल्या निम्म्या लोकांना ठाऊक नाही. कुणाच्या लेखी ती रांगोळी स्पर्धेची जागा आहे, कुणाच्या लेखी संक्रांतीच्या हळदीकुंकवाची, तर कुणाच्या लेखी कोजागिरीच्या दुधाची. तिथलं मसाला दूध घरच्यापेक्षा चवदार लागतं, असं आमच्या सौ.चं ठाम मत आहे. ते आटवायला आपल्याला उभं राहावं लागत नाही, हे त्यामागचं कारण. वर्गणी मी भरतो, कार्यक्रमांचा लाभ सगळं घर घेतं आणि पुस्तक बदलायला कुणी जायचं यावरून दर रविवारी भांडण होतं.

महाराष्ट्राला हे काही नवं नाही. रत्नागिरीचं वाचनालय १८२८ सालचं, नाशिकचं १८४० सालचं. इतक्या जुन्या संस्था नुसत्या पुस्तकांवर टिकल्या असतील असं मला वाटत नाही. चार माणसं जमली की आपल्याला अध्यक्ष लागतो, अध्यक्ष मिळाला की वक्ता लागतो. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि तेव्हापासून मराठी उन्हाळ्यात आंबे आणि व्याख्यानं एकदमच येतात. पुढे १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला, वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळाले आणि वर्गाप्रमाणे अनुदान. तेव्हापासून आमचे कार्यवाह बारमाही परीक्षेला बसलेल्या मुलासारखे दिसतात. तपासणीला साहेब येणार म्हटलं की त्यांना दाखलनोंदवहीच्या आधी कार्यक्रमांच्या फोटोंची काळजी.

कार्यक्रमांना निमित्तांचा तोटा नाही. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन. त्या दिवशी ग्रंथदिंडी. पालखीत ज्ञानेश्वरी, गाथा आणि संविधान. पुढे शाळेचं लेझीम पथक, मागे नऊवारीतल्या महिला आणि सगळ्यात मागे, दिंडीमुळे अडकलेली एसटी. २३ एप्रिलला जागतिक पुस्तक दिन. तो नेमका उन्हाच्या तडाख्यात येत असल्यामुळे उपस्थिती पन्ह्याच्या वासावर अवलंबून असते. १२ ऑगस्टला ग्रंथपाल दिन, म्हणजे डॉ. रंगनाथन यांचा जन्मदिवस. हे मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि पुढे त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धान्त मांडले. त्यातला चौथा, वाचकाचा वेळ वाचवा. या सिद्धान्तावर एका पाहुण्यांनी आमच्याकडे पावणेदोन तास विवेचन केलं. त्यानंतर आभारप्रदर्शन करणाऱ्या गृहस्थांनी त्या विवेचनाचा गोषवारा सांगितला.

पाहुण्यांना हल्ली पुष्पगुच्छ देत नाहीत, पुस्तक देतात. पाहुणे बहुधा मोठ्या मनाचे असतात. ते भाषणाच्या शेवटी तेच पुस्तक वाचनालयाला भेट म्हणून परत करतात. टाळ्या पडतात. ग्रंथपाल बाई ते शांतपणे कपाटात ठेवतात आणि पुढच्या पाहुण्यांसाठी काढतात. आमच्याकडचं एक चरित्र असं इतक्या मान्यवरांच्या हातून गेलंय, की त्याच्या चरित्रनायकाचाही एवढा सत्कार झाला नसेल. शाल मात्र कुणी परत केल्याचं ऐकिवात नाही.

पण खरी गर्दी पाहायची तर दिवाळी अंक योजनेची. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हा आपण केवढ्या भांडणांची बीजं रोवतोय याची त्यांना कल्पना नसणार. एरवी वर्षभर न फिरकणारी मंडळी योजना जाहीर झाली की पहिल्या दिवशी सकाळी रांगेत. एका वेळी दोन अंक मिळतात. नामांकित अंक कायम ‘बाहेर’ असतात. कुणाकडे, ते बाई सांगत नाहीत, पण अध्यक्षांच्या घरी गेलेल्यांनी ते टीपॉयवर पाहिलेले असतात. अंक हाती येईतो शब्दकोडं कुणीतरी पेनानं सोडवलेलं असतं, आणि तेही चुकीचं. पाककृतीचं पान नेमकं साहित्य आणि प्रमाण संपतं तिथपर्यंत फाडलेलं असतं, कृती शाबूत. वार्षिक राशिभविष्याची पानं इतकी हाताळलेली असतात की ग्रहांनी आपली जागा सोडली तरी कळू नये. एक आजोबा तो अंक मुद्दाम मार्चमध्ये नेतात आणि काय काय खरं ठरलं ते समासात पेन्सिलीनं लिहून परत आणतात. माझ्या मते अख्ख्या अंकातला तोच मजकूर सर्वांत वाचनीय असतो.

मुलांच्या वेशभूषा स्पर्धेबद्दल थोडं सांगायला हवं. विषय होता ‘पुस्तकातली माणसं’. पाच सावित्रीबाई आल्या, चार शिवाजी महाराज आले (त्यातल्या दोघांची आपसांत मारामारी झाली), एक फास्टर फेणे आला आणि एक छोटा भीम. परीक्षकांनी चष्मा वर करून विचारलं, “हा कोणत्या पुस्तकातला?” भीमाच्या आईनं पिशवीतून छोटा भीमची चित्ररंगवही काढून टेबलावर ठेवली. छापील होती, किंमतही छापलेली होती. परीक्षक निरुत्तर झाले. भीमाला लाडू दिला तेव्हा तो स्टेजवरून उतरायला तयार होईना.

आमच्या घरात खरं वादळ आलं ते सहकुटुंब अभिवाचन स्पर्धेनं. नियम असा, की घरातल्या तीन पिढ्या हव्यात आणि वेळ सात मिनिटं. सौ.नं एक सासू-सुनेचा प्रवेश निवडला. सूनबाई म्हणाल्या, “आई, नाहीतरी आपण रोज जे बोलतो तेच पुन्हा कशाला? मी सासू होते, तुम्ही सून व्हा.” मी दोघींच्या मधला नवरा. मुलगा सफाईनं ‘ऑफिसचा कॉल आहे’ म्हणून सुटला. तालमीच्या काळात घरातले संवाद कुठले लिहिलेले आणि कुठले आपले, हे ओळखणं कठीण झालं. “चहा कधीचा मागतेय मी!” असं आतून ऐकू आलं की मी उठावं की पुढचं वाक्य म्हणावं, कळायचं नाही.

स्पर्धेच्या दिवशी सूनबाईंनी सासू अशी काही वाचली की सभागृह हसून लोळलं. परीक्षक बाईंनी मुद्दाम विचारलं, “हा ठसका कुठून आणलात हो?” सूनबाई विनयानं म्हणाल्या, “निरीक्षणातून.” पुढच्या रांगेत टाळ्या, आमच्या रांगेत मी एकटाच छताकडे बघत होतो. नातीला एकच वाक्य होतं, “आजी, भूक लागली.” ते तिनं तीनदा म्हटलं, कारण तिला खरोखरच लागली होती. तिच्या अभिनयाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. ते बक्षीस म्हणजे एक पुस्तक होतं, आणि आमच्या घरात त्या महिन्यात पूर्ण वाचलं गेलेलं ते एकमेव.

१५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला मी आवर्जून जातो, कारण त्या दिवशी फोटोसाठी सगळ्यांना हातात पुस्तक घेऊन बसावं लागतं. गेल्या खेपेला शाळेची मुलं ओळीत बसवली. एक फोटो समोरून झाला, एक बाजूनं झाला, मग “सगळ्यांनी इकडे बघा” झालं. सगळ्यांनी बघितलं, कोपऱ्यातलं एक पोरगं मात्र मान वर करीना. त्याला फास्टर फेणे सापडला होता. कार्यवाह ओरडले, “अरे, वाचत काय बसलायस? कार्यक्रम चाललाय ना!” त्यानं एकदा वर पाहिलं, पान उलटलं आणि पुन्हा खाली पाहिलं. फोटो तसाच अहवालात गेला. पुढच्या शनिवारी ते पोरगं दोन मित्रांना घेऊन बाल विभागात आलं. कार्यक्रमांच्या बाजूनं मला एवढंच म्हणायचंय. दुधाला आलेल्या शंभर माणसांत असं एखादं पोरगं निघतं आणि ते आधी ओळखता येत नाही. म्हणून दूध शंभर जणांचं आटवावं लागतं.

वृत्तपत्र विभागातल्या निवृत्त मंडळींना हे पटत नाही. रोज सकाळी तिथे येऊन एक पेपर हातात, एक मांडीवर आणि एक बुडाखाली राखून ठेवणाऱ्या एका ज्येष्ठांनी सूचना पेटीत लेखी तक्रार टाकली: कार्यक्रमांच्या गोंगाटात अग्रलेख डोक्यात शिरत नाही, आणि भिंतीवरची ‘शांतता राखा’ ही पाटी पुसट झाल्यानं कुणी जुमानत नाही. कार्यकारिणीनं तक्रार फारच मनावर घेतली. नव्या पाटीसाठी देणगीदार शोधला. आपलं नाव ‘शांतता’पेक्षा एक बोट मोठं असावं, एवढीच त्याची अट होती, ती मान्य झाली. आता येत्या रविवारी पाटीचं समारंभपूर्वक अनावरण आहे. दीपप्रज्वलन, महिला मंडळाचं स्वागतगीत, शाळेचं बँड पथक, आणि प्रमुख वक्ते म्हणून खुद्द तक्रारदार. सूत्रसंचालन माझ्याकडे आलंय. काल ते मला बाजारात भेटले आणि बाजूला घेऊन म्हणाले, “माईकचं तेवढं स्वतः बघा बरं का. मागल्या वेळी आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला नव्हता.”